बेळगावात बसून डेव्हरेल: स्टार्टअपने घेतलेल्या पहिल्या माणसासाठी

ऑफर लेटरवर ‘डेव्हलपर रिलेशन्स’, थोडक्यात डेव्हरेल, असं पद लिहिलेलं असतं. कंपनीत सगळी मिळून बारा-पंधरा माणसं, त्यातली निम्मी कोड लिहिणारी, आणि या पदावर तुमच्या आधी कुणीच नव्हतं. फाउंडरला कामाचं विचारलं तर तो म्हणतो, ‘कम्युनिटी उभी करायची.’ घरी विचारतात, ‘नेमकं काय करतोस रे तू?’ दोन्ही बाजूंनी धड काही कळत नाही आणि पहिला सोमवार उजाडतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात घरी राहून पुण्या-बेंगळुरूच्या कंपनीत काम करणाऱ्यांसाठी, किंवा इथल्याच एखाद्या लहान कंपनीत लागलेल्यांसाठी हे लिहितोय.

आधी हा धंदा काय आहे ते पाहू. काही कंपन्यांचा माल प्रोग्रामरच वापरतात: पेमेंटचा एपीआय (एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडून काम करून घ्यायची सोय), मेसेज पाठवायची सोय, डेटाबेस, टेस्टिंगचं टूल. हे गिऱ्हाईक जाहिरातीला बधत नाही. ते डॉक्स, म्हणजे वापराची माहितीपानं, उघडतं, दहा मिनिटं खटपट करतं, चाललं तर ठेवतं, नाही तर टॅब बंद करून मोकळं होतं. तक्रारसुद्धा करत नाही. या गिऱ्हाइकाशी कंपनीचं जे काही नातं जुळतं, ते सांभाळणारं माणूस म्हणजे डेव्हरेल. काम तसं जुनंच आहे. १९८४ साली मॅकिंटॉश बाजारात आला तेव्हा त्याच्यासाठी सॉफ्टवेअर लिहायला बाहेरच्या कंपन्यांना राजी करायचं होतं, आणि त्या कामासाठी ॲपलने माणसं ठेवली होती. गाय कावासाकी हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव.

मोठ्या कंपनीतले डेव्हरेलवाले कॉन्फरन्सच्या स्टेजवर दिसतात, त्यामुळे स्टेज हेच काम असं नवख्याला वाटतं. पहिल्या माणसाच्या बाबतीत ते खरं नाही. तुमचं काम अडलेल्या माणसाशेजारी बसायचं, आणि तो कुठे अडला ते आत जाऊन सांगायचं. ऑनलाइन पेमेंटच्या स्ट्राइप कंपनीचे संस्थापक कॉलिसन बंधू सुरुवातीच्या दिवसांत कुणी ‘बघतो वापरून’ म्हणालं की लिंक पाठवून गप्प बसत नसत. ‘आण इकडे लॅपटॉप’ म्हणत आणि तिथल्या तिथे सुरू करून देत. पहिल्या वर्षातलं डेव्हरेल बहुतांशी एवढंच असतं.

सही करण्याआधी

कंपनीबाहेरची किती माणसं हे प्रॉडक्ट आज वापरतात, ते विचारा. कुणीच वापरत नसेल तर तुम्हाला डेव्हरेलचं नाही, पहिलं गिऱ्हाईक शोधायचं काम मिळतंय. तेही काम चांगलंच, पण ते फाउंडरच्या जोडीने करायचं असतं. तुमच्या एकट्याच्या गळ्यात पडलं तर सहा महिन्यांत दोघंही वैतागाल.

तुमचा साहेब कोण, हा दुसरा प्रश्न. मार्केटिंगखाली गेलात तर महिन्याला किती लीड (संभाव्य गिऱ्हाइकं) आणल्या ते मोजतील. इंजिनीअरिंगखाली गेलात तर हळूहळू फक्त डॉक्स लिहिणारे व्हाल. सुरुवातीला थेट फाउंडरखाली असणं मला बरं वाटतं, फक्त त्याचा विचार दर आठवड्याला बदलतो हे धरून चालायचं. त्यालाच सरळ विचारा: ‘सहा महिन्यांनी माझं काम चांगलं झालं, असं तुम्ही कशावरून म्हणाल?’ उत्तर ‘गिटहबवर दहा हजार स्टार’ (कोड ठेवायच्या साइटवरची पसंतीची खूण) असं आलं तर वाद तिथेच घाला. तेव्हा वाद घालणं सोपं असतं.

दोन गोष्टी लेखी घ्या: डॉक्सच्या रिपॉझिटरीत (फाइली ठेवायच्या जागेत) थेट बदल करायची परवानगी आणि सपोर्टची तिकिटं, म्हणजे गिऱ्हाइकांनी नोंदवलेल्या अडचणी, वाचायची परवानगी. या दोन्हींशिवाय तुम्ही नुसते निरोप्ये.

पगार कमी आणि ईसॉप (कर्मचाऱ्यांना ठरलेल्या किमतीत कंपनीचे शेअर घ्यायचा हक्क) जास्त, असं ताट पुढे आलं तर थोडं थांबा. शेअर पक्के व्हायची सर्वसाधारण पद्धत चार वर्षांची. पहिलं वर्ष पुरं झाल्याशिवाय हातात काही पडत नाही. शेअर देऊ केल्यापासून ते पक्के होईपर्यंत किमान एक वर्ष जायला हवं, हा आपल्याकडे कंपनी कायद्याखालचा नियमच आहे. शेअर घेताना त्यांची त्या दिवसाची किंमत आणि तुम्ही भरलेली रक्कम यांतला फरक पगार म्हणून धरला जातो आणि त्यावर कर बसतो. म्हणजे पैसे हातात येण्याआधी कर. नोकरी सोडल्यावर शेअर घ्यायला किती दिवसांची मुदत आहे, तेही विचारून घ्या. घरचा हप्ता रोख पगारातून भागतोय ना, तेवढं बघा.

आणि प्रवास. बेळगावहून बेंगळुरू पाचशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे एक रात्र बसमध्ये किंवा राणी चन्नम्मा एक्स्प्रेसमध्ये. ‘महिन्यातून एकदा ऑफिसला या’ हे वाक्य सहज बोललं जातं. तिकीट आणि राहायचा खर्च कुणाचा, हे मेलवर असलेलं बरं.

पहिले दोन आठवडे गिऱ्हाईक व्हा

हा टप्पा बहुतेक जण उरकून टाकतात. माझ्या मते सगळ्या कामात हाच मोलाचा आहे, कारण तुम्हाला काहीही ठाऊक नसण्याची ही एकमेव वेळ. महिनाभराने सगळं सवयीचं होईल आणि खाचखळगे दिसेनासे होतील.

असं करा. कंपनीने दिलेला चकचकीत लॅपटॉप बाजूला ठेवा आणि एखादं जुनं मशीन घ्या. चार जीबी रॅम, विंडोज, मोबाईलचा हॉटस्पॉट. नवीन ईमेलने खातं उघडा आणि डॉक्समध्ये लिहिलंय तसं, ओळीमागून ओळ करत जा. सहकाऱ्याला काही विचारायचं नाही. बाहेरच्याला कुठे विचारता येतं? प्रत्येक पायरीला वेळ लिहा, काय अपेक्षित होतं ते लिहा, काय झालं ते लिहा, आणि मनात काय आलं तेही लिहा. ‘इथे सोडून द्यावंसं वाटलं’ ही नोंद कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त कामाची. या वहीला धंद्यात फ्रिक्शन लॉग म्हणतात.

आपल्या भागातल्या मशीनवर बसलं की बेंगळुरूच्या ऑफिसात कधीच न दिसलेल्या गोष्टी दिसतात. डॉक्सची पहिली कमांड ‘ब्रू इन्स्टॉल’ असते, म्हणजे लिहिणाऱ्याने सगळ्यांकडे मॅक आहे असं धरलेलं. कॉलेजच्या लॅबमध्ये नेट गाळून देणारी प्रॉक्सी असते आणि पॅकेज उतरतच नाही. फुकटच्या प्लॅनलाही क्रेडिट कार्ड मागतात. थर्ड इयरच्या पोराकडे ते कुठून येणार? ज्याच्याकडे आहे त्याचंही कार्ड परदेशी कंपनीच्या दरमहा वसुलीला अनेकदा चालत नाही. रिझर्व्ह बँकेचे आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाले, तेव्हापासूनची ही डोकेदुखी. वेगळ्या मंजुरीशिवाय कापायची मर्यादा आधी ५,००० रुपये होती, २०२२ मध्ये ती १५,००० झाली. त्यावरच्या रकमेला दर वेळी वेगळी मंजुरी द्यावी लागते. परदेशात बसलेल्या फाउंडरला तर यातलं काहीच माहीत नसण्याची शक्यता जास्त.

तारीख-वेळ आणि पत्ते जरूर तपासा. आपली वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे, आणि तो अर्धा तास भल्याभल्या सॅम्पल कोडला गोत्यात आणतो. पत्त्याच्या रकान्यात मराठी नाव घाला, कन्नड नाव घाला, दोन्ही परत नीट वाचता येतात का ते पाहा. आपल्या शहराचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं, पण ५९०००१ हा पिन कोड टाकल्यावर एक यादी जुनं नाव दाखवते आणि दुसरी नवं. पत्ता जुळवणाऱ्या एपीआयला याहून चांगला टेस्ट डेटा फुकटात मिळायचा नाही.

मग पहिली दहा मिनिटं दुरुस्त करा

लॉगमध्ये चाळीस-पन्नास अडचणी निघतील. सगळ्यांच्या मागे लागू नका. खातं उघडल्यापासून पहिली रिक्वेस्ट (एपीआयकडे केलेली मागणी) यशस्वी होईपर्यंतची वाट तेवढी धरा. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत गिऱ्हाइकाने सॅम्पल कास्टिंग पास केल्याशिवाय लॉट ओतत नाहीत. तसं क्विकस्टार्ट, म्हणजे सुरुवात करून देणारं डॉक्सचं पान, पास झाल्याशिवाय ब्लॉग, व्हिडिओ, मीटअप यांना हात लावायचा नाही. रस्ताच खचलाय तर माणसं बोलावून काय दाखवणार?

डॉक्स लिहिताना डानिएले प्रोचिदा यांची डायटॅक्सिस नावाची मांडणी उपयोगी पडते. त्यांच्या मते डॉक्स चार तऱ्हेचे: हात धरून शिकवणारे, एखादं काम कसं करायचं ते सांगणारे, संदर्भासाठी चाळायचे आणि कारण समजावणारे. चारही एका पानात कोंबले की कुणाचंच भागत नाही. शिकवणाऱ्या पानावर ‘याचे आणखी सहा पर्याय आहेत’ असं लिहिलं की शिकणारा तिथेच गळतो. लहान कंपनीत चारही एकदम होत नाहीत. शिकवणारं एक पान आणि संदर्भाची पानं आधी. बाकीचं लोक विचारतील तसं.

एरर मेसेज हेही डॉक्सच, किंबहुना सगळ्यात जास्त वाचले जाणारे. ‘४०१ अनऑथराइज्ड’ एवढंच दाखवून मोकळं होणाऱ्या एपीआयपेक्षा ‘ही एपीआय की सँडबॉक्सची (चाचणीची) आहे, लाइव्हवर चालणार नाही, लाइव्हची इथे मिळेल’ असं सांगणारा एपीआय अर्धी तिकिटं वाचवतो. हे बदल इंजिनीअरकडून करून घ्यावे लागतात, पण मजकूर तुम्हीच लिहून द्या. मजकूर तयार हातात मिळाला की ‘नंतर बघू’ म्हणायची सोय उरत नाही.

हल्ली बरेच जण डॉक्स उघडण्याआधी एआयला विचारतात आणि त्याने दिलेला कोड चिकटवतात. तो चुकला की शिव्या तुमच्या कंपनीला. त्यामुळे प्रत्येक उदाहरण पूर्ण, वरच्या इम्पोर्टसकट, जसंच्या तसं चालणारं ठेवा, आणि जुन्या व्हर्जनच्या पानांवर ‘हे जुनं’ असं ठळक लिहा. एआयला डॉक्स सोप्या मजकुरात वाचता यावेत म्हणून ‘एलएलएमएस डॉट टीएक्सटी’ नावाची फाइल ठेवायची सूचना जेरेमी हॉवर्ड यांनी २०२४ मध्ये मांडली. करायला तासाभराचं काम, करून टाका. चमत्काराची वाट मात्र पाहू नका.

माणसं कुठे भेटतात

पहिल्या तीन महिन्यांत वापरणाऱ्या किंवा वापरून सोडलेल्या माणसांशी एकेकट्याने बोला. सोडलेल्यांशी जास्त. ‘तुम्हाला प्रॉडक्ट कसं वाटलं?’ असं विचारू नका. आपली माणसं भिडस्त, ‘चांगलंय की’ म्हणून फोन ठेवतील. ‘स्क्रीन शेअर करा, तुम्ही शेवटचं जे केलं ते परत करून दाखवा’ असं म्हणा आणि गप्प बसा. हात शिवशिवतील, पण सांगायचं नाही. तो चुकीच्या बटणावर तीनदा जातो हे कळायला गप्पच बसावं लागतं. ‘सर, हे चालंना झालंय’ असं तो म्हणाला की त्या क्षणी स्क्रीनवर काय होतं ते टिपून ठेवा.

बेळगावात डेव्हलपर कुठून आणायचे, असं बेंगळुरूचे लोक विचारतात. व्हीटीयूचं, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचं मुख्यालयच इथे आहे. गोगटे इन्स्टिट्यूट आहे, केएलईचं शेषगिरी कॉलेज आहे, मराठा मंडळाचं इंजिनीअरिंग आहे. फायनल इयरच्या प्रोजेक्टला एखादा चालू एपीआय आणि प्रश्नाला उत्तर देणारं माणूस मिळालं तर पोरं जीव तोडून वापरतात. विद्यार्थी पैसे देत नाहीत हे खरं. पण वर्षा-दोन वर्षांत तीच पुण्यात किंवा बेंगळुरूत कुठल्या तरी टीममध्ये बसलेली असतात, आणि ‘मी हे वापरलंय’ हे वाक्य तिथे फार चालतं. उद्यमबागेत किंवा मच्छेत सीएनसीचं वर्कशॉप चालवणाऱ्याच्या मुलाने बिलिंगसाठी लिहिलेली स्क्रिप्टसुद्धा बघायला जा. ऑफिसात कुणाच्या डोक्यात न आलेला वापर तिथे सापडतो.

छोटा मीटअप घ्यायचा तर कॅलेंडर आपलं बघा, मुख्य ऑफिसचं नको. व्हीटीयूच्या सेमिस्टर परीक्षांत कुणी फिरकणार नाही. गणेशोत्सवात विसर्जनाच्या आसपास काही ठेवू नका. इथली मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. १ नोव्हेंबरला शहरात एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुका आणि दुसरीकडे मराठी भाषिकांचा काळा दिवस, तो दिवस सोडूनच द्या. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधात अधिवेशन असलं की बाहेरून येणाऱ्या पाहुण्याला खोली मिळताना नाकी नऊ येतात. आणि जून-जुलैत खानापूरकडची पोरं पावसात संध्याकाळी उशिरापर्यंत थांबणार नाहीत, शेवटच्या बसवर त्यांचा डोळा असतो. शनिवारी सकाळी दहा ते एक ही वेळ त्यातल्या त्यात बरी.

भाषेचा प्रश्न इथे नाजूक, पण तंत्राच्या कार्यक्रमात तो आपण समजतो तेवढा अवघड नाही. स्लाइड इंग्रजीत, बॅनरवर कन्नड हवंच, सुरुवातीची दोन वाक्यं कन्नडमध्ये बोला. मोडकं-तोडकं असलं तरी चालतं. पुढे प्रश्न ज्या भाषेत येईल त्या भाषेत उत्तर, आणि ते सगळ्यांसाठी एका ओळीत इंग्रजीत परत. मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी अशा चार भाषांत वेबहुकसारखी एकच तांत्रिक गोष्ट समजावून सांगायची सवय बेंगळुरूच्या फाउंडरकडेही नसते. मुलाखतीत हे सांगायला लाजू नका. सीमाप्रश्नावर मात्र मीटअपमध्ये कुणी बोलायला लागलं तर चहाची वेळ झाली म्हणायचं.

डेमोचं नेट जाणार, हे धरून चाला. रेकॉर्ड केलेली प्रत लॅपटॉपवर ठेवा, दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा. आणि भाषण वीस मिनिटांत संपवून बाकीचा वेळ लोकांच्या लॅपटॉपवर घालवा. टी-शर्टपेक्षा हे लक्षात राहतं.

आत जाऊन सांगणं

बाहेर ऐकलेलं आत पोचलं नाही तर तुम्ही नुसते गोड बोलणारे. पण सगळंच पोचवायला गेलात तर कुणी ऐकणार नाही. आठवड्याला एकच टिपण, एका पानाचं, त्यात तीनच अडचणी: कोण अडला, कुठे, किती जण अडले, आणि तुमच्या मते काय करावं. जोडीला स्क्रीन रेकॉर्डिंगचा मिनिटभराचा तुकडा. स्वतःचा एपीआय वापरताना एक अनोळखी मुलगी चाचपडतेय हे इंजिनीअरने एकदा डोळ्यांनी पाहिलं, की त्याला पटवत बसावं लागत नाही. रेकॉर्डिंग दाखवण्याआधी त्या माणसाची परवानगी तेवढी घ्या.

इंजिनीअरशी भांडण होणारच. तुम्ही बाहेरच्याची बाजू मांडताय, त्याला ती टीका वाटते. छोट्या दुरुस्त्या स्वतः करून पुल रिक्वेस्ट (कोडमधला बदल मंजुरीसाठी पाठवणं) टाकत गेलात तर मोठी मागणी करायचा हक्क मिळतो. कोड येतच नसेल तर हे पद अवघड आहे, हे स्पष्टच सांगतो. तज्ज्ञ असायला हवं असं नाही. पण अनोळखी रिपॉझिटरी उतरवून चालू करता आली पाहिजे आणि स्टॅक ट्रेस, म्हणजे प्रोग्रॅम कुठे कोसळला ते दाखवणारा मजकूर, वाचता आला पाहिजे.

बाहेर खोटं आश्वासन देऊ नका. ‘पुढच्या महिन्यात येतंय’ हे वाक्य रोडमॅप हातात नसताना बोललात तर ते तुमच्याच नावावर चढतं.

काय मोजायचं

मोजावं लागतंच, नाही तर पैशाची चणचण लागली की पहिलं तुमचं पद जातं. खातं उघडल्यापासून पहिल्या यशस्वी रिक्वेस्टपर्यंत लागणारा वेळ मोजा. खातं उघडलेल्यांपैकी किती जण तिथवर पोचतात, आणि चार आठवड्यांनी त्यातले किती अजून वापरतात, तेही मोजा. सपोर्टला परत परत येणारा एखादा प्रश्न डॉक्स सुधारल्यावर कमी झाला का, हे दाखवता आलं तर त्याहून भक्कम पुरावा नाही. रुजू झाल्या दिवशीचे आकडे लिहून ठेवा. नंतर ते कुणालाच आठवत नाहीत.

फॉलोअर, स्टार, मीटअपला आलेली डोकी हे सगळं सांगायला बरं. बक्षिसाच्या मागे जमवलेली गर्दी काय करते, ते २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये, म्हणजे ओपन सोर्सला कोड देणाऱ्यांच्या ऑक्टोबरातल्या ऑनलाइन उपक्रमात, दिसलं. टी-शर्टसाठी जगभरच्या ओपन सोर्स प्रकल्पांवर निरर्थक पुल रिक्वेस्टचा पाऊस पडला, प्रकल्प सांभाळणारे वैतागले, आणि ज्यांनी स्वतःहून नाव नोंदवलंय अशाच प्रकल्पांत भाग घेता येईल असा बदल आयोजकांना मध्येच करावा लागला. फाउंडर ‘एक हॅकेथॉन घेऊया’ म्हणाला की हे उदाहरण हाताशी ठेवा.

स्वतःचा वेळ

डिस्कॉर्ड किंवा स्लॅक या गप्पांच्या ॲपवर रात्री दीडला अमेरिकेतला माणूस प्रश्न टाकतो. तुम्ही उत्तर दिलंत, तो खूश. दुसऱ्या दिवशीही दिलंत की ती रीत पडली. उत्तर द्यायच्या वेळा चॅनलवर ठळक लिहा आणि पाळा. एखादा वापरणारा दुसऱ्या वापरणाऱ्याला उत्तर देताना दिसला तर मध्ये घुसू नका. चुकलं असेल तरच सुधारा. खरी कम्युनिटी तिथून सुरू होते, आणि ती तुमच्या झोपेच्या वेळेत सुरू झाली तर उत्तमच.

वर्ष झालं, काम वाढलं, की फाउंडर विचारेल दुसरं कोण घ्यायचं. तुमच्यासारखंच बोलकं माणूस घ्यायचा मोह होतो. त्याऐवजी आठवड्यातले सगळ्यात जास्त तास तुमचे कशात जातात ते बघा. बहुतेक ठिकाणी ते डॉक्समध्ये जातात, म्हणून दुसरी जागा टेक्निकल रायटरची मागा. जाहिरात देण्याआधी आपल्याच चॅनलवर पाहा: सहा महिने नेटाने दुसऱ्यांचे प्रश्न सोडवणारं कुणी तरी तिथे असतं. त्याला आधी विचारा.